‘डी निबेलुंगन’ म्हणजे वाग्नरचा ऑपेरा नव्हे

दिग्दर्शक फ्रिट्झ लांगचा ‘डी निबेलुंगन’ (१९२४) हा जर्मन संगीतकार वाग्नरच्या ऑपेराचा मूकपट आहे, असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. लेखिका टेआ फॉन हार्बूने पटकथा बेतली ती सुमारे १२०० सालच्या ‘निबेलुंगनलीड’ या जर्मन महाकाव्यावर. (याच बाईंनी पुढे आपल्या बेळगावकडच्या अयी तेंडुलकरांशी लग्न केलं.) वाग्नरने मुख्यतः नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन कथा घेतल्या.

फरक शेवटात दिसतो. ऑपेरा नायिका ब्रुनहिल्डच्या अग्निप्रवेशाने संपतो. चित्रपटात नायक सिगफ्रीडच्या खुनानंतर अख्खा दुसरा भाग उरतो, त्याची बायको क्रीमहिल्डच्या सूडाचा. आणि तो खून! ड्रॅगनच्या रक्तात न्हाल्यामुळे सिगफ्रीडचं अंग अभेद्य झालं, पण पाठीवर लिंडन झाडाचं पान चिकटलं, तेवढीच जागा कच्ची राहिली. नवऱ्याचं रक्षण व्हावं म्हणून क्रीमहिल्ड भोळेपणाने त्याच्या कपड्यावर नेमकी तिथेच खूण शिवते, आणि त्याचा शत्रू हागेन तिथेच भाला मारतो. ती सुई पाहताना पोटात गोळा येतो.

घोळ होण्याचं कारणही आहे. मूळ संगीत गॉटफ्रीड हुपर्ट्झचं, पण पुढे काही ठिकाणी वाग्नरचं संगीत जोडून चित्रपट दाखवला गेला. आणि हो, चित्रपटातलं ते गर्द जंगल खरं नाही, स्टुडिओत उभारलेलं आहे.