बॅलन्स बघायला पासवर्ड कशाला?

गेल्या आठवड्यात रात्री उशिरा एका मैत्रिणीचा फोन आला. चार एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणाऱ्या साइटवर, विखुरलेली तिची क्रिप्टो एकाच ठिकाणी दिसावी म्हणून तिनं एक ॲप घेतलं होतं. ॲपनं एक्स्चेंजचा ईमेल आणि पासवर्ड मागितला, पाठोपाठ मोबाइलवरचा सहा आकडी कोडही मागितला. "नुसता बॅलन्स तर बघायचाय," म्हणून तिनं सगळं देऊन टाकलं. मग मात्र तिची झोप उडाली.

पैसे जागेवर होते. आम्ही दोघींनी फोनवर बोलत बोलत पासवर्ड बदलला, सगळीकडून लॉगआउट केलं, टू-फॅक्टर, म्हणजे त्या सहा आकडी कोडाचं दुसरं कुलूप, नव्यानं लावलं. शेवटी मी तिला एपीआय कीची यादी उघडायला लावली. एपीआय की म्हणजे दुसऱ्या ॲपला आपल्या खात्यात पासवर्डशिवाय शिरू देणारी किल्ली; तिला काय काय करता येईल हे ती बनवताना ठरवता येतं. त्यात एक की अशी होती जी तिनं कधी बनवलीच नव्हती, आणि त्या कीला खरेदी-विक्रीची परवानगी होती. बॅलन्स दाखवणाऱ्या ॲपला खरेदी-विक्री कशाला लागते? ती की आम्ही तिथल्या तिथे काढून टाकली. पासवर्ड बदलला की प्रश्न मिटला असं आपण समजतो, पण अनेक ठिकाणी जुन्या एपीआय की पासवर्ड बदलल्यावरही चालूच राहतात.

तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं, कारण असं करणारी ती एकटी नाही. टॅक्सचा हिशेब करून देणारे, पोर्टफोलिओ दाखवणारे, आपोआप ट्रेडिंग करणारे बॉट, सगळ्यांना आपल्या खात्यात शिरायचं असतं. माझं मत साफ आहे: यांच्यापैकी जो कुणी पासवर्ड मागतो, त्याच्याशी व्यवहारच करू नये. त्याची नियत चांगली असेलही. पण त्याच्या कामाला पासवर्ड लागतच नाही. बिटकॉइनसारख्या खुल्या ब्लॉकचेनवर, म्हणजे व्यवहारांच्या सगळ्यांना बघता येणाऱ्या वहीत, आपल्या क्रिप्टो वॉलेटचा नुसता पत्ता दिला तरी शिल्लक दिसते. एक्स्चेंजवरच्या व्यवहारांसाठी फक्त वाचण्यापुरती एपीआय की देता येते, किंवा व्यवहारांची सीएसव्ही फाइल उतरवून देता येते. पासवर्ड म्हणजे खातं बघायची नव्हे, खातं चालवायची मुभा. त्यावर वर तो सहा आकडी कोडही आपण दिला, तर दुसरं कुलूपही आपणच उघडून दिलं.

"पण पैसे काढायची परवानगी मी दिलेलीच नाही," असं मला अनेकांनी सांगितलंय. त्यांच्यासाठी ७ मार्च २०१८ ची गोष्ट. बायनान्स या एक्स्चेंजसारखीच दिसणारी खोटी साइट उभारून चोरांनी लोकांचे लॉगिन आधीच गोळा केले होते. त्या खात्यांवर त्यांनी ट्रेडिंगच्या एपीआय की बनवून ठेवल्या आणि ते गप्प बसले. मग त्या दिवशी अवघ्या काही मिनिटांत त्या खात्यांमधून व्हायाकॉइन नावाचं कॉइन चढ्या भावानं विकत घ्यायला लावलं आणि स्वतःकडचं व्हायाकॉइन त्याच भावाला विकलं. लोकांच्या खात्यातून एक पैसा 'काढला' गेला नव्हता, तरी त्यांचे बिटकॉइन चोरांच्या खात्यात जमा झाले होते. बायनान्सनं वेळीच पैसे काढणं थांबवलं आणि ते व्यवहार उलटवले म्हणून निभावलं. मैत्रिणीच्या यादीतली ती अनोळखी की बघताना मला हेच आठवत होतं.

चोर बाहेरचाच असतो असंही नाही, आणि की ज्याच्याकडे ठेवली तोच हलगर्जी निघू शकतो. थ्रीकॉमाज या ट्रेडिंग बॉट कंपनीचे ग्राहक २०२२ मध्ये कितीतरी आठवडे सांगत होते की आमच्या खात्यांवर आम्ही न केलेले व्यवहार होताहेत. कंपनी म्हणत राहिली, तुम्हीच कुठेतरी फिशिंगला, म्हणजे खोट्या साइटच्या जाळ्याला, बळी पडलात. डिसेंबरच्या शेवटी सुमारे १ लाख एपीआय की उघड्यावर आल्या तेव्हा कुठे की आमच्याकडून फुटल्या हे तिनं कबूल केलं. मला सर्वात जास्त चीड याची येते. ज्याचे पैसे गेले त्यालाच आठवडेच्या आठवडे खोटं ठरवलं गेलं.

सीड फ्रेजचं, म्हणजे स्वतःचं क्रिप्टो वॉलेट उघडणाऱ्या गुप्त शब्दांचं, तर विचारूच नका. ते १२ किंवा २४ शब्द हेच वॉलेट असतं, आणि पासवर्डसारखे ते बदलताही येत नाहीत. एकदा फुटले की नवं वॉलेट काढून सगळं तिकडे हलवावं लागतं, तेही चोराच्या आधी. ऑगस्ट २०२२ मध्ये सोलाना या ब्लॉकचेनवरची हजारो वॉलेट रिकामी झाली. त्यातली बरीच स्लोप या वॉलेट ॲपच्या ग्राहकांची होती, आणि ते ॲप लोकांच्या सीड फ्रेज ॲपच्या कामाच्या नोंदी ठेवणाऱ्या आपल्या सर्व्हरवर पाठवत होतं असं तपासात निघालं. त्या लोकांनी कुणालाही काही सांगितलं नव्हतं, फक्त ॲपमध्ये शब्द टाकले होते. म्हणून 'वॉलेट पडताळून देतो' म्हणत हे शब्द मागणाऱ्या साइटवर एक अक्षरही टाकू नका.

ब्लॉकचेनवर एकदा नोंदलेला व्यवहार मागे घ्यायला कुठलाही अधिकारी बसलेला नसतो. आणि पासवर्ड आपण स्वतःहून दिला असेल तर भरपाई मागताना एक्स्चेंजसमोर आपली बाजू लंगडी पडते.

आज थोडा वेळ काढून आपापल्या एक्स्चेंजवर एपीआय कीची यादी उघडा. ओळखीची नसलेली, कधीकाळी एखाद्या ॲपसाठी बनवून विसरलेली प्रत्येक की काढून टाका. एखादी ठेवायचीच असेल तर ती फक्त वाचण्यापुरती ठेवा, आणि सोय असेल तर ठरावीक आयपी पत्त्यालाच (इंटरनेटवरच्या ठरावीक कॉम्प्युटरच्या पत्त्यालाच) बांधा. पैसे काढण्यासाठी वॉलेटच्या ठरावीक पत्त्यांची यादी लावायची सोय असेल तर तीही लावा.

यादीतलं काही कळलं नाही तर खाली कमेंटमध्ये विचारा, जमेल तसं सांगेन. फक्त स्क्रीनशॉट टाकू नका, आणि की मलाही पाठवू नका.