माणसाच्या पेशी, माशाचं अंग

काल संध्याकाळी वडोदऱ्यात सूरसागर तलावाच्या कठड्यावर सेव-उसळीची पहिली प्लेट संपायच्या आतच वाद पेटला. प्राणीशास्त्रात एमएस्सी करणारी शेजारची पोरगी सांगत होती, माणसाच्या पांढऱ्या पेशींना चकाकणारा रंग देतात, झेब्राफिश नावाच्या छोट्या माशाच्या पिल्लात सोडतात आणि त्या कशा सरकतात ते सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसतात. आमचे वकील उखडलेच. "माणसाची पेशी माशाच्या अंगात माणसासारखी वागेल, हे कशावरून?"

"काका, ते पिल्लू काचेसारखं आरपार दिसतं. आणि पहिले तीन-चार आठवडे त्याच्या स्वतःच्या टी-पेशी, म्हणजे परक्याला ओळखून हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी, पक्व झालेल्या नसतात, म्हणून परकी पेशी आली तरी ते तिच्यावर तुटून पडत नाही."

"आणि तापमान?" पॅथॉलॉजी लॅबमधून रिटायर झालेल्या भाऊंनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. मासा 28 अंशांत वाढणारा, आपली पेशी 37 ची. मग मधलं 33-34 ठेवतात, त्यात दोघांचीही थोडी ओढाताण होते. पोरीने हे लगेच कबूल केलं. मला ते फार आवडलं.

वकिलांकडे याहून मोठा दाखला होता. 2006, लंडन. टीजीएन1412 नावाचं औषध सहा निरोगी माणसांना दिलं. माकडांना त्याच्या 500 पट डोस देऊनही काही झालं नव्हतं. इथे सहाच्या सहा जण काही तासांत गंभीर झाले. "मग माकडाची साक्ष काय कामाची?"

साक्ष खोटी नव्हती, अपुरी होती. ज्या अनुभवी टी-पेशींनी माणसात हाहाकार केला, माकडाच्या त्याच प्रकारच्या पेशींवर हे औषध जिथे चिकटतं तो रेणूच उरलेला नसतो. हे कळायला मात्र त्या सहा जणांना भोगावं लागलं, आणि वकिलांचा राग त्यासाठी होता. तो रास्तच आहे.

भाऊ म्हणाले, "मी आयुष्यभर लीशमनचा रंग लावून रक्ताच्या काचा बघितल्या. माणसाच्या रक्तात शंभर पांढऱ्या पेशी मोजा, निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल, जखमेकडे आधी धावणाऱ्या. एकदा उंदराची काच बघायला मिळाली. जिकडे बघावं तिकडे लिम्फोसाइट, म्हणजे टी-पेशींचं कुटुंब! मला वाटलं, काच बदलली." वर पोरीने भर घातली: आपल्या न्यूट्रोफिलना जखमेकडे बोलावणारा आयएल-8 हा संदेश उंदराकडे नाहीच, तो दुसऱ्या रेणूंवर भागवतो. माशाकडे मात्र तो आहे. म्हणजे उंदीर जवळचा आणि मासा लांबचा, हा आपला हिशोब इथे चालत नाही. काय शोधायचंय, त्यावर प्राणी ठरतो.

इथे मला राहवलं नाही. माझ्या मावसबहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. त्यात पांढऱ्या पेशी रक्तातून मेंदूत शिरतात आणि नसांवरचं आवरण कुरतडतात. रक्तवाहिनीच्या भिंतीला धरायचा त्यांचा हात बांधला तर त्या आत जात नाहीत, हे 1992 मध्ये उंदरांच्या मोठ्या भाईबंदांत, रॅटमध्ये, दिसलं. त्यातूनच नॅटालिझुमॅब हे औषध आलं. 2004 मध्ये मंजुरी, 2005 च्या फेब्रुवारीत बाजारातून मागे, कारण काही रुग्णांच्या मेंदूत जेसी विषाणू माजला. विषाणूवर पहारा ठेवणाऱ्या पेशीही त्याच दारातून जात होत्या ना! 2006 मध्ये कडक देखरेखीखाली ते परत आलं. रॅटला दाराबद्दल विचारलं, त्याने खरं सांगितलं. जेसी विषाणू तर माणसाचा. त्याच्याबद्दल रॅट काय सांगणार?

वकील बराच वेळ गप्प होते. मग पोरीला म्हणाले, "बरं, तुझ्या माशात असं काय दिसलं जे आधी कुणाला माहीत नव्हतं?"

"न्यूट्रोफिल जखमेत जातात आणि तिथेच मरतात, असं मानायचे. माशाच्या पिल्लात त्या जखमेतून परत फिरताना दिसल्या."

"परत? कुठे?"

"उंदराच्या यकृतात बघितलं, तर फुप्फुसातून होत पुन्हा अस्थिमज्जेत."

"आणि माणसात?"

पोरीने रिकामी प्लेट कठड्यावर ठेवली. "माणूस आरपार दिसत नाही ना, काका."

भाऊंनी आणखी तीन प्लेट सांगितल्या. वकिलांनी खुर्ची पुढे ओढून तिला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.