ब्रिटिश सामान आणि न्याहारी मिळणाऱ्या, गोव्यातल्या कांदोळीच्या आमच्या दुकानाला दोन तारे देणाऱ्या ताईंना उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय आम्ही दोघा नवरा-बायकोने शांतपणे वाचला. तुम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला बरीच वर्षं राहिलात, आता पुण्यात असता, आणि गोव्याच्या सुट्टीत खास वेळ काढून आमच्याकडे आलात. तुमच्या तक्रारी चार आहेत. मार्माइटची (टोस्टला लावायच्या यीस्टच्या काळ्या लेपाची) बरणी तिथल्या तिप्पट महाग. पाटीवर 'अस्सल ब्रिटिश' लिहून निम्मं सामान इथेच केलेलं. स्टिल्टन हे निळ्या बुरशीचं इंग्लिश चीज नाही. आणि शेवटचं वाक्य, 'हे सगळे परक्यांचे लाड'. बाकीचे लोकही हे वाचतात, म्हणून उत्तर इथेच लिहितो.

आधी दराचं. ती बरणी परदेशातून येते. आयात शुल्क, त्यावरचे कर, बंदरातली तपासणी, आयातदाराचा नफा आणि मुंबईपासून इथवरचं गाडीभाडं हे सगळं तिच्या किमतीत असतं. शिवाय बंदरात माल सोडवताना त्याची किमान 60 टक्के मुदत शिल्लक हवी, किंवा मुदत संपायला तीन महिने तरी हवेत. यातलं जे कमी ते धरतात. मुदत कमी उरलेला माल सुटतच नाही. बरणीवर आयातदाराचं नाव आणि एफएसएसएआयचा (सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक असलेली चिठ्ठी असते, ती तुम्ही पाहिली असेल. सुटकेसमधून आणलेल्या, चिठ्ठी नसलेल्या बरण्या आम्हाला स्वस्तात देऊ करतात. आम्ही त्या घेत नाही. कोणाला त्रास झाला तर विचारायचं कोणाला, याचं उत्तर त्या बरणीवर नसतं. पूर्ण बरणी परवडत नसेल तर लोणी-मार्माइट लावलेला टोस्ट मागा. इथले कितीतरी जण तेवढ्यासाठीच येतात.

आता 'अस्सल'बद्दल. इंग्लंडमध्ये बनलं तरच अस्सल, असं तुम्ही धरून चालला आहात. आमचा मतभेद इथेच आहे. तुम्ही आमच्याकडून आनंदाने घेऊन गेलात तो एचपी सॉस बघा. बाटलीवर ब्रिटिश संसदेचं चित्र आहे, पण बर्मिंगहॅममधला ॲस्टनचा कारखाना 2007 मध्ये बंद झाला आणि तेव्हापासून तो सॉस नेदरलँड्समध्ये बनतो. त्यात खजूर आहे, काकवी आहे, चिंच आहे. टोस्टवरच्या बीन्सचंही तसंच. 1886 मध्ये लंडनच्या फोर्टनम अँड मेसन या महागड्या दुकानात हाइन्झचे बीन्स आले ते अमेरिकेहून. आज ते विगनजवळच्या कारखान्यात शिजतात, पण आतला पांढरा घेवडा बहुतांशी उत्तर अमेरिकेतूनच येतो. तरीही अमेरिकेत मिळणारा हाइन्झचा डबा इंग्लंडच्या माणसाला चालत नाही, तो त्याला जास्त गोड लागतो. माणूस चव शोधत असतो, आणि ती चव कुठे डब्यात राहते, कुठे हातात.

म्हणून आम्ही सामानाची सरळ वाटणी केली आहे. कारखान्याच्या पाककृतीवरच जे चालतं ते बाहेरून मागवतो: मार्माइट, एचपी, बीन्स, बर्ड्सची कस्टर्ड पावडर. जे ताजंच खायचं असतं ते इथे करतो. क्रम्पेट म्हणजे लोणी लावून खायची जाड, जाळीदार तव्यावरची भाकरी, ती बोटीने आणून उपयोग काय? यीस्टने फुगवलेलं सैल पीठ, शेवटी थोडा सोडा, आणि तव्यावर कड्यांमध्ये ओतून मंद आचेवर ठेवलं की आंबोळीसारखी जाळी पडते. त्या भोकांत लोणी उतरलं पाहिजे. गोठवून आणलेल्या क्रम्पेटमध्ये ते तसं उतरत नाही, असं आमचं मत आहे.

सॉसेजचं काम सगळ्यात अवघड गेलं. गोव्यात डुकराचं मांस चांगलं मिळतं आणि सॉसेज करणारे हातही आहेत, पण इथल्या चोरिसांना, म्हणजे गोवन सॉसेजना, व्हिनेगर आणि लाल मिरची लागते. इंग्लिश सॉसेज मिरचीशिवाय असतं. त्यात पांढरी मिरी, सेजचा पाला आणि पावाचा किंवा रस्कचा चुरा. हा चुरा भर म्हणून घालत नाहीत. तो मांसाचा रस धरून ठेवतो आणि तोंडात तो विशिष्ट मऊपणा येतो. तुम्ही लिहिलंत, 'सॉसेजमध्ये पाव घालून फसवणूक'. ताई, लेस्टरला तुम्ही जी खाल्लीत त्यांतही बहुधा तो होता. बेकनचंही सांगतो. तिथल्या न्याहारीचं बेकन पाठीकडच्या मांसाचं असतं, रुंद आणि कमी चरबीचं. भारतात सहसा मिळतात त्या पोटाकडच्या, चरबीच्या पट्ट्या. आम्ही पाठीकडचा तुकडा सांगून घेतो आणि मिठात मुरवतो, म्हणून तो महाग पडतो.

क्लॉटेड क्रीमला तुम्ही 'साय विकतात' म्हटलंत. ती साय आहेच, पण दुधाची नाही. गाईच्या दुधाचं घट्ट क्रीम पसरट भांड्यात मंद उष्णतेवर तासन्‌तास ठेवायचं, मग न हलवता गार करायचं, तेव्हा वर पिवळसर जाड थर येतो. 'कॉर्निश क्लॉटेड क्रीम' या नावाला संरक्षण आहे. त्यासाठी दूध कॉर्नवॉलचंच हवं आणि स्निग्धांश किमान 55 टक्के. आमचं दूध कॉर्नवॉलचं नाही, म्हणून फळ्यावर 'कॉर्निश' हा शब्द तुम्हाला दिसला नाही.

स्टिल्टन याच कारणाने नाही. ते नाव डर्बीशर, लेस्टरशर आणि नॉटिंगहॅमशर या तीनच परगण्यांत केलेल्या चीजला लावता येतं. (स्टिल्टन गाव या तिन्हींच्या बाहेर आहे, त्यामुळे खुद्द तिथेही ते करता येत नाही.) त्यात भारतात चीज आणायचं तर त्यात प्राण्यांपासून काढलेलं रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) चालत नाही, आणि पारंपरिक पद्धतीच्या बऱ्याच चीजचं घोडं तिथेच अडतं. 24 जुलै 2025 रोजी ब्रिटनशी व्यापार करार झाला तेव्हा लोकांनी आम्हाला विचारलं, आता चीज स्वस्त होणार का? भारताने दुग्धजन्य पदार्थ सवलतीतून वगळले आहेत, त्यामुळे नाही. आमच्याकडे भारतात केलेलं निळ्या बुरशीचं चीज आहे आणि ते चांगलं आहे. पण त्याला स्टिल्टन म्हणून विकायला आम्ही तयार नाही.

आता 'परक्यांचे लाड'. हे वाक्य आम्हाला लागलं. नोव्हेंबर ते मार्च आमच्याकडे निवृत्त ब्रिटिश माणसं येतात हे खरंच आहे. त्यांतले काही पेन्शनवर जगतात, एकटे असतात आणि सकाळच्या एका ताटासाठी चालत येतात. त्यांना घरची आठवण येणं हा लाड कसा? दुबईत पोहे-शेंगदाणे शोधत फिरलेल्या कोणत्याही मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. आणि मे महिन्यात येऊन बघा. तेव्हा टेबलं भरतात ती इंग्लंडमधल्या स्विंडनहून आजोळी आलेल्या मुलांनी. गोव्यातली कितीतरी घरं पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला गेली आणि तिथेच राहिली. आजी हुमण (माशाची आमटी) आणि भात वाढते आणि नातवाला बीन्स-टोस्ट हवा असतो. आजीला वाईट वाटतं, मग ती त्याला आमच्याकडे घेऊन येते. तो मुलगा परका कसा?

मार्माइटचं तर आपल्याशी फार जुनं नातं आहे, आणि ते महाराष्ट्रात जास्त लोकांना माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. 1902 पासून बर्टन-अपॉन-ट्रेंटमध्ये बिअरच्या कारखान्यांतल्या उरलेल्या यीस्टपासून ते बनतं. 1928 मध्ये ल्युसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांना एक भयंकर रक्तक्षय होत होता आणि त्यात बायका दगावत होत्या. विल्सबाईंनी त्या काय खातात ते तपासलं, आधी प्राण्यांवर प्रयोग केले, आणि मार्माइट दिल्यावर आजार हटतो असं त्यांना आढळलं. त्या बायकांनाही त्याने गुण आला. 1931 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. यीस्टमधल्या त्या अज्ञात घटकाला पुढे 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले. तेच फॉलिक ॲसिड, जे आज गरोदर बाईला डॉक्टर पहिल्या भेटीत लिहून देतात. गिरणगावातल्या बायकांच्या रक्तातून हा शोध लागला. ती काळी बरणी आमच्या फळीवर वरच्या ओळीत असते ती यासाठी.

पाटीवरचा 'अस्सल' शब्द आम्ही काढणार नाही. प्रत्येक पदार्थ कुठे केला ते फळ्यावर लिहिलेलं असतं, पुढेही असेल. तुमच्या पैशांबद्दल: सॉसेज ताटात तसंच राहिलं होतं हे वाढणाऱ्या मुलाने सांगितलं होतं, म्हणून त्याचे पैसे बिलात धरलेले नाहीत. बिल पुन्हा एकदा बघा.

ख्रिसमस पुडिंगबद्दल शेवटी विचारलं होतंत. नोव्हेंबरअखेरच्या 'स्टर-अप संडे'ला आम्ही ते कालवतो आणि नाताळापर्यंत मुरू देतो. गाईगुरांची चरबी आम्ही घालत नाही, गोठवून किसलेलं लोणी घालतो. पुण्याला पाठवता येतं. ऑर्डर नोव्हेंबरच्या पंधरा तारखेपर्यंत द्या.