संक्रांत येण्याआधीच दिवस मोठा होऊ लागलेला असतो

जानेवारी लागला की तो संदेश येतोच. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तिघांनी टाकला. सोबत तिळगुळाच्या वाटीचं चित्र होतं, त्यामुळे कुणाला शंका घ्यावीशीही वाटली नाही. मजकूर थोडक्यात असा: '१४ जानेवारीला सूर्य उत्तरेकडे वळतो आणि त्या दिवसापासून दिवस तिळातिळाने मोठा होतो. पूर्वजांनी काढलेली ही तारीख हजारो वर्षांत बदललेली नाही. २२ डिसेंबर सर्वांत लहान दिवस, हे इंग्रजी पुस्तकांचं म्हणणं. तसं असतं तर जानेवारीत सूर्य आणखी उशिरा कसा उगवतो? हिवाळ्यात सूर्य लांब जातो म्हणून दिवस लहान होतो. २१ मार्चला दिवस-रात्र बरोबर बारा-बारा तास, आणि २१ जूनला सूर्य थेट डोक्यावर.'

माझी भाची आठवीत आहे. तिने हे वाचलं आणि विचारलं, "मामा, मग आमच्या भूगोलाच्या पुस्तकात चुकीचं दिलंय का?" पुस्तकात बरोबर आहे. पण तेवढं सांगून तिचं समाधान होणार नव्हतं आणि माझंही नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा १४ जानेवारीचा. तो तपासायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. मुंबईच्या वेळा पाहा. २२ डिसेंबरला सूर्योदय ७.०७ आणि सूर्यास्त ६.०६, म्हणजे दिवस १० तास ५९ मिनिटांचा. १४ जानेवारीला सूर्योदय ७.१५ आणि सूर्यास्त ६.२०, म्हणजे दिवस ११ तास ५ मिनिटांचा. संक्रांत उजाडते तेव्हा सहा मिनिटं आधीच पदरात पडलेली असतात. सहा मिनिटं म्हणजे काहीच नाही असं वाटत असेल, तर लंडनमधल्या मराठी घरांना विचारा. तिथे २२ डिसेंबरचा दिवस जेमतेम ७ तास ५० मिनिटांचा असतो आणि संक्रांतीपर्यंत तो सव्वाआठ तासांच्या वर गेलेला असतो. दिवस १४ जानेवारीपासून वाढायला लागत असेल, तर ही पंचवीसेक मिनिटं आली कुठून?

छापील वेळांवर भाचीचा विश्वास बसेना, म्हणून आम्ही गच्चीवर गेलो. पडद्याचा जुना दांडा घेतला, एक मीटर लांबीचा. रंगाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरून तो रोवला आणि दोऱ्याला नट बांधून ओळंब्याने सरळ केला. २२ डिसेंबरला दुपारी सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी ती सावलीच्या टोकाशी खडूने खूण करत बसली. सावली आखडत गेली, थबकली आणि पुन्हा लांबायला लागली. सर्वांत आखूड सावली भरली ९२ सेंटीमीटर. हाच उद्योग १४ जानेवारीला केला तेव्हा सावली भरली ८५. माध्यान्हीची सावली सात सेंटीमीटरने आखडली म्हणजे सूर्य तेवढा वर चढला, उत्तरेकडे सरकला. त्याचं उत्तरायण २१-२२ डिसेंबरलाच सुरू झालं होतं. त्या दोन दिवसांच्या खुणांखाली भाचीने वेळाही लिहून ठेवल्या: २२ डिसेंबरला सर्वांत आखूड सावली १२.३७ च्या सुमारास, १४ जानेवारीला १२.४७ च्या पुढे. या दहा मिनिटांकडे नंतर येतो, कारण संदेशातल्या सर्वांत चांगल्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यात आहे.

आता 'तारीख बदललेली नाही' हे. मला खरं दुखतं ते इथे, कारण पूर्वजांच्या नावावर असं काही खपवलं जातंय जे त्यांनी कधी म्हटलंच नव्हतं. संक्रांत म्हणजे सूर्याचा मकर राशीत प्रवेश, आणि रास मोजायची ताऱ्यांवरून. दिवसाचं लहानमोठेपण मात्र पृथ्वीच्या कललेल्या आसावरून ठरतं. हे दोन वेगळे हिशेब आहेत. पृथ्वीचा आस मंदावलेल्या भोवऱ्यासारखा डुलतो आणि त्याचा एक फेरा पुरा व्हायला सुमारे २६,००० वर्षं लागतात. त्यामुळे ताऱ्यांवरून ठरवलेली संक्रांत ऋतूंच्या मानाने साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे जाते. इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकाच्या सुमारास संक्रांत आणि सर्वांत लहान दिवस खरोखरच एकत्र येत होते. 'संक्रांतीपासून दिवस मोठा' हे वाक्य तेव्हाचं असेल तर ते तेव्हा अचूकच होतं. आज दोघांत चोवीसेक दिवसांचं अंतर पडलंय.

आणि पूर्वजांना हे कळत होतं. सहाव्या शतकातल्या ज्योतिर्विद वराहमिहिराने आपल्या बृहत्संहिता या ग्रंथात स्वच्छ लिहून ठेवलंय की जुन्या शास्त्रांत उत्तरायणाचा आरंभ धनिष्ठा नक्षत्रापाशी सांगितलाय, पण आता तो मकरेच्या आरंभी होतो. तो तिथेच थांबत नाही. शंका असेल तर उगवतीला किंवा मावळतीला दूरच्या खुणेवरून सूर्याचा वेध घ्या, नाहीतर मोठं वर्तुळ आखून त्यात सावली कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते ते पाहा, असंही सांगतो. गच्चीवर भाची जे करत होती ते त्याच वळणाचं काम होतं, हे तिला सांगितल्यावर तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

तारीख सरकल्याच्या खुणा आपल्याच इतिहासात आहेत. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा आणि तो दिवस संक्रांतीचा होता. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची म्हणून 'पानिपतावर संक्रांत कोसळली' असं आपण म्हणतो, पण मागे हिशेब केला तर त्या वर्षीची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते, म्हणजे लढाईच्या चार दिवस आधी. आता ती एखाद्या वर्षी १५ जानेवारीलाही पडते. एवढंच कशाला, टिळक पंचांग मानणारी घरं आजही संक्रांत १० जानेवारीलाच करतात, कारण राशीचक्राची सुरुवात कुठून धरायची यावर पंचांगकर्त्यांचं एकमत नाही. संक्रांती दोन असू शकतात. सर्वांत लहान दिवस दोन कसे असतील?

स्वतंत्र भारताने पंचांगांची शिस्त लावायला भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्यात नागपूरचे केशव लक्ष्मण दप्तरी होते, पुण्याचे ज. स. करंदीकर होते. त्यांनी सुचवलेलं आणि २२ मार्च १९५७ पासून लागू झालेलं राष्ट्रीय सौर पंचांग ऋतूंना धरून चालतं, आणि त्यात पौष महिन्याची पहिली तारीख २२ डिसेंबरला येते. तेव्हा २२ डिसेंबर ही इंग्रजी पुस्तकांची लुडबूड नव्हे, आपल्या राष्ट्रीय पंचांगातला तो एका महिन्याचा पहिला दिवस आहे.

तिसरा मुद्दा मात्र मी मनापासून मानतो. जानेवारीत सूर्य आणखी उशिरा उगवतो, हे निरीक्षण खरं आहे. सकाळी सातच्या शाळेला मुलांना सोडणाऱ्या कुठल्याही आईला ते माहीत असतं. नाताळच्या सुट्टीनंतर शाळा उघडते तेव्हा अंधार कमी व्हायच्या ऐवजी वाढलेला असतो. मुंबईत सूर्य सर्वांत उशिरा उगवतो तो १७ जानेवारीच्या आसपास, ७.१५ ला. संक्रांतीच्या आठवड्यात सूर्योदय जवळजवळ एकाच मिनिटावर अडून राहतो आणि मग हळूहळू अलीकडे येऊ लागतो. 'संक्रांतीनंतर सकाळ लवकर होते' असं कुणी म्हणालं, तर घड्याळ पाहणाऱ्या मुंबईकरापुरतं ते अगदी बरोबर आहे. हा संदेश इतक्या जणांना पटतो तो यामुळेच, असं मला वाटतं.

पण दिवसाला दुसरं टोकही असतं आणि तिकडे कुणी पाहत नाही. मुंबईत सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो २४ नोव्हेंबरच्या सुमारास, ५.५९ ला. त्यानंतर संध्याकाळ लांबायला लागते. २२ डिसेंबरला सूर्यास्त ६.०६ वर गेलेला असतो, संक्रांतीला ६.२० वर. म्हणजे डिसेंबरच्या अखेरीपासून सकाळ उशिरा होत जाते आणि संध्याकाळही उशिरा होत जाते, पण संध्याकाळ जास्त वेगाने. सकाळची आठ मिनिटं गेली, संध्याकाळची चौदा मिळाली. दिवस वाढला तो त्या बाजूने.

हे का होतं? इथे भाचीच्या त्या दहा मिनिटांचं काम आहे. आपलं घड्याळ दर दिवसाला नेमके चोवीस तास देतं. सूर्याचा दिवस, म्हणजे आजच्या माध्यान्हीपासून उद्याच्या माध्यान्हीपर्यंतचा वेळ, वर्षभर सारखा नसतो. पृथ्वी स्वतःभोवती एक गिरकी घेईपर्यंत आपल्या कक्षेत थोडी पुढे गेलेली असते, म्हणून सूर्यासमोर पुन्हा यायला तिला अजून जरासं वळावं लागतं. डिसेंबरअखेर ती कक्षेत सर्वांत वेगाने धावत असते. शिवाय त्या दिवसांत सूर्याची ताऱ्यांमधली वाट विषुववृत्ताला जवळपास समांतर असते, त्यामुळे त्याचं सरकणं पुरेपूर पूर्वेकडे जातं. दोन्ही मिळून सूर्याचा दिवस घड्याळाच्या दिवसापेक्षा सुमारे अर्ध्या मिनिटाने लांबतो. रोज अर्धं मिनिट म्हणजे तेवीस दिवसांत दहा-अकरा मिनिटं. खडूच्या खुणांखाली लिहिलेलं १२.३७ आणि १२.४७ हेच सांगतं. आख्खा दिवसच घड्याळावर पुढे सरकतोय, आणि तोही वाढता दिवस. सूर्योदय उशिरा होणं हे दिवस लहान होत असल्याचं लक्षण नाही.

हिवाळ्यात सूर्य लांब जातो, हे सरळ उलटं आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती २ ते ५ जानेवारीच्या दरम्यान, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. सर्वांत लांब असते जुलैच्या पहिल्या आठवड्यात, १५ कोटी २१ लाखांवर. आणि पुराव्याला मेलबर्नची बॉक्सिंग डे कसोटी आहेच. २६ डिसेंबरला पहाटे पाचला आपण शाल गुंडाळून टीव्ही लावतो तेव्हा तिथले प्रेक्षक टोप्या घालून उन्हात बसलेले असतात आणि त्यांचा दिवस पावणेपंधरा तासांचा असतो. सूर्य एकच, अंतर एकच. फरक पृथ्वीच्या आसाच्या २३.४ अंशांच्या कलाचा. त्या कलामुळे डिसेंबरात सूर्याची रोजची वाट आपल्याकडून दक्षिणेला झुकते. तिचा लहान तुकडा आपल्या क्षितिजाच्या वर राहतो आणि मोठा खाली. विषुववृत्तापासून जितकं लांब जावं तितका हा फरक वाढतो. कन्याकुमारीला सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात तासाभराचाच फरक पडतो, मुंबईत सव्वादोन तासांचा, लंडनमध्ये पावणेनऊ तासांचा.

'तिळातिळाने' हा शब्द मला फार आवडतो, म्हणून त्याच्याबद्दल एक सांगतो. संक्रांतीच्या आसपास मुंबईचा दिवस रोज अर्ध्या मिनिटाने वाढत असतो. हाच वेग मार्चमध्ये मिनिटाच्या थोडा वर जातो, आणि जूनमध्ये दिवस सर्वांत मोठा असतो तेव्हा वाढ शून्यावर येते. तीळ सगळे सारख्या आकाराचे नसतात एवढंच.

२१ मार्चचं म्हणाल, तर विषुवदिन हल्ली बहुधा २० मार्चला येतो आणि त्या दिवशी मुंबईत उजेड १२ तास ७ मिनिटं असतो. कारण सूर्य हा ठिपका नाही. त्याची वरची कड दिसली की आपण सूर्योदय म्हणतो, आणि हवेत प्रकाश वाकत असल्याने ती कड खरोखर क्षितिजावर येण्याआधीच दिसते. मुंबईत दिवस-रात्र सारखे होतात ते त्याआधी आठवडाभर, १४ मार्चच्या सुमारास.

राहिला २१ जून. त्या दिवशी सूर्य माथ्यावर येतो तो कर्कवृत्तावर, आणि आख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मुंबईत २१ जूनच्या माध्यान्हीला सूर्य डोक्याच्या चार-साडेचार अंश उत्तरेला असतो. भाचीच्या दांड्याची सावली त्या दिवशी आठेक सेंटीमीटर पडायला हवी, आणि तीही दक्षिणेकडे. पण जूनच्या ढगांत ती दिसणं कठीण. मुंबईत सूर्य थेट डोक्यावर येतो तो १५-१६ मेला आणि पुन्हा २७-२८ जुलैला. जुलैत पाऊस, म्हणून आम्ही मे धरलाय. १५ मेला दुपारी साडेबारालाच गच्चीवर जायचं, स्टीलचा पेला उपडा ठेवायचा आणि १२.३५ ला त्याच्याभोवती सावली उरते का ते पाहायचं. तो संदेश टाकणाऱ्या तिघांनाही भाचीने बोलावणं धाडलंय, आणि दोघांनी येतो म्हणून कळवलंय.