मुंगीची बुरशी आणि आपली कडक भाकरी: खुलासा

सोलापुरातल्या ग्रुपांवर एक व्हिडिओ फिरतोय. आधी डोक्यातून कोंब फुटलेली मुंगी, मग तोंडावर अळंबी उगवलेला माणूस. खाली मजकूर: "परदेशात खरंच घडलंय, त्यावरच मालिका काढली. शिळी कडक भाकरी खाऊ नका."

मुंगी खरी आहे. ऑफिओकॉर्डिसेप्स बुरशी तिच्या अंगात वाढते, तिला पानाची शीर घट्ट चावायला लावते आणि मेल्यावर डोक्यामागून बाहेर येते. माणूस मात्र मेकअपचा, 'द लास्ट ऑफ अस'मधला: २०१३चा प्लेस्टेशन गेम, २०२३ची एचबीओ मालिका. बीबीसीच्या माहितीपटातल्या मुंगीवरून गेम सुचल्याचं तो करणाऱ्यांनीच सांगितलंय. ही बुरशी ठरावीक किड्यांतच जगते. माणसाचं ३७ अंशांचं अंग तिला मानवत नाही. तिच्याच भावकीतली, अळीवर वाढणारी कीडाजडी नावाची बुरशी उत्तराखंडात लोक गोळा करून विकतात, औषध म्हणून खातातही.

भाकरीचा तर संबंधच नाही. कडक भाकरी टिकते ती पाणी उडून गेल्यामुळे. ओल लागून बुरा आलेली टाकून द्या, पण ती बुरशी वेगळी.

मालिका जरूर बघा. बिल आणि फ्रँक या दोन पात्रांचा तिसरा भाग मला तर गेमपेक्षा सरस वाटला. व्हिडिओ तेवढा पुढे ढकलू नका, आणि टाकला असेल त्या ग्रुपवर हा खुलासाही टाका.