खुर्ची, ढाली आणि कमवा-शिकाची वही

खुर्ची ठेवायची की नाही, यावर पाऊण तास गेला. एका माजी कुलगुरूंची, सागवानी, उजव्या हाताला जरा डुगडुगणारी. पुण्यातल्या एका विद्यापीठाने स्वतःचं अभिलेखागार काढायचं मनावर घेतलंय (नाव सांगत नाही, तसंही आता पुण्यातली विद्यापीठं मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत) आणि काय जमवायचं, काय जपायचं ते ठरवायला समिती नेमलीय. मी दुसऱ्याच एका संस्थेच्या रेकॉर्ड रूममध्ये ३१ वर्षं धूळ खाल्ली, म्हणून मला निमंत्रित म्हणून बोलावलं. निमंत्रिताला मत नसतं, चहा असतो. मत इथे मांडते.

समितीपुढे टाइप केलेली यादी होती. खुर्ची, पदवीदानाचे झगे, ढाली, करंडक, महोत्सवी स्मरणिका, मान्यवरांच्या भेटीचे अल्बम, भूमिपूजनाची चांदीची थापी. चांदीच्या थापीशी माझं काही वाकडं नाही. पण दोन पानी यादी खालपर्यंत वाचली तरी या जागेत कधी काळी मुलं शिकत होती असा संशयसुद्धा येत नाही.

मी पिशवीतून एक वही काढून टेबलावर ठेवली. तिची गोष्ट सांगते, कारण ती माझ्या नोकरीतली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट आहे.

साधारण वीस वर्षांपूर्वी आमच्या संस्थेत नॅकची, म्हणजे संस्थेचा दर्जा तपासणारी समिती यायची होती. ज्यांनी हे अनुभवलंय त्यांना पुढचं माहीत आहे: भिंतींना रंग, कुंड्या भाड्याने, शिपाईमामांना नवे गणवेश. रेकॉर्ड रूम ‘मोकळी’ करायचा आदेश आला. नॅकला मागच्या पाच वर्षांचं लागतं, त्याआधीचं कशाला? वरच्या फळीवर ‘कमवा आणि शिका’च्या जुन्या हजेरीवह्या होत्या, बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षांतल्या. मुलाचं नाव, गाव, तालुका, काम, तास, दर, सही. जामखेड, आष्टी, पाटोदा, माण. बागेला पाणी घालणं, ग्रंथालयातल्या पुस्तकांना पुठ्ठे चढवणं. समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं, ‘आई आजारी, गावी गेला’. पुढच्या महिन्यात त्या नावापुढे सही नाही. त्याच्या पुढच्या महिन्यात नावच नाही.

सगळ्या वह्या टेम्पोत गेल्या. पावती मीच फाडली, ‘रद्दी विक्री’ या शीर्षाखाली. नियमाने काहीच चुकलं नव्हतं. सरकारी पद्धतीचं अ, ब, क, ड वर्गीकरण आमच्याकडे होतं. अ म्हणजे कायमचं, ब तीस वर्षं, क दहा, ड वर्षभर. हजेरीवही क मध्ये बसते, दहा वर्षं कधीच उलटली होती. एक वही मी पदराखाली घालून घरी आणली. चोरी म्हणायचं असेल तर म्हणा.

जुने कागद काढून टाकण्याला सरकारी मराठीत ‘निंदणीकरण’ म्हणतात. शब्द कुणा शेतकऱ्याच्या पोराने काढला असणार. पण निंदायला बसलेली बाई तण कुठलं आणि रोप कुठलं ते बघून हात घालते. आम्ही तारीख बघून उपटतो. ते वर्गीकरण कचेरीच्या कामासाठी केलेलं आहे: लेखापरीक्षणाला काय लागेल, कोर्टात काय दाखवावं लागेल. कचेरीला एखादा कागद नकोसा झाला म्हणजे तो कुणालाच नको, असं त्यात गृहीत धरलंय. अभिलेखागाराने तरी ते धरू नये.

वही चाळून एक सर म्हणाले, ‘मॅडम, भावना समजते, पण हे बघायला येणार कोण?’

सर, पुण्यात बसून हा प्रश्न विचारायचा? इथून रिक्षाने वीस मिनिटांवर पेशवे दप्तर आहे. १८१८ नंतर इंग्रजांनी ते कागद सांभाळले ते काही इतिहासाच्या प्रेमाने नव्हे. इनाम कुणाचं खरं, कुणाचं खोटं, सारा किती बसवायचा, ते तपासायला कागद लागत होते. रुमालांत बांधलेले हिशेब, रोजकीर्दी, पागेच्या चंदीचा खर्च. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ मध्ये त्यातून निवडून ४५ खंड छापले, त्यात भर राजकारणावर आणि स्वाऱ्यांवर. निवड थोर होती, पण निवडच. अठराव्या शतकातले धान्याचे भाव, मजुरी, वेठ, कुणबिणींची (दासींची) खरेदी-विक्री हे शोधणारे लोक नंतर आले आणि त्यांना त्या कंटाळवाण्या हिशेबांच्याच रुमालांकडे जावं लागलं. ते येणार आहेत हे रुमाल बांधणाऱ्या कारकुनाला माहीत नव्हतं. मलाही माहीत नव्हतं, फरक एवढाच की त्याने बांधून ठेवलं आणि मी विकलं.

दुसरं उदाहरण डेक्कन कॉलेजचं. तिथे १९४८ पासून संस्कृतचा महाकोश चालू आहे. पहिला खंड १९७६ साली निघाला. त्यासाठी हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या कोटीच्या घरात आहेत. छापलेला खंड कुठल्याही चांगल्या ग्रंथालयात मिळेल, चिठ्ठ्या फक्त तिथेच. आमच्या समितीच्या यादीत मात्र प्राध्यापकांची ‘प्रकाशित ग्रंथसंपदा’ होती आणि त्यांच्या टिपणवह्या, क्षेत्रभेटींच्या नोंदी, नापसंत झालेले प्रकल्प-प्रस्ताव यातलं काहीच नव्हतं. निवृत्त प्राध्यापकांच्या बोळातल्या रद्दीवाल्याला विचारा, संशोधनाचा इतिहास त्याने तोलून नेलाय.

अमेरिकेत एमआयटीच्या अभिलेखागारात हेलन सॅम्युएल्स नावाच्या बाई होत्या. त्यांनी १९९२ साली एक साधी गोष्ट मांडली: कागदांचे ढीग बघत बसण्याआधी विद्यापीठ करतं काय ते विचारा. त्यांनी सात कामं काढली. पदव्या देणं, शिकवणं, मुलांना माणसांत वावरायला तयार करणं, संशोधन, स्वतःचा गाडा चालता ठेवणं, समाजाच्या उपयोगी पडणं आणि संस्कृती जपणं. मग प्रत्येक कामाचा पुरावा कुठे उरतो ते शोधा, आणि उरत नसेल तर तो तयार करा. मी चहाच्या कपाशेजारी आमची यादी या सात खणांत टाकून बघितली. खुर्ची, झगे, थापी, सगळं एक-दोन खणांत दाटीवाटीने बसलं. मुलांच्या खणात एक क्रिकेटचा करंडक. शिकवण्याचा खण रिकामा.

शिकवणं कुठे उरतं? प्रश्नपत्रिकेत. प्रत्येक विषयाची, प्रत्येक सत्राची एक प्रत ठेवा, वर्षाचं सगळं मिळून एक कपाटही भरत नाही. अभ्यास मंडळांची इतिवृत्तं ठेवा, पण ‘सर्वानुमते ठरले’ एवढंच नको, भांडण झालं असेल तर त्याची टिपणंही. उत्तरपत्रिका सगळ्या ठेवणं वेडेपणा आहे. दर दहा वर्षांनी मूठभर, नाव-नंबर झाकून, ठेवायला काय हरकत आहे? १९७५ चा मुलगा एका तासात किती पानं लिहायचा ते तरी कळेल. गुणांची रजिस्टरं अर्थात कायमची, त्यात चर्चाच नको. पुणे विद्यापीठातून १९६२ साली शिवाजी आणि १९९० साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ वेगळं निघालं, पण १९५५ साली कोल्हापुरातून बी. ए. झालेल्या माणसाचा माग अजून पुण्यापर्यंत येतो. १० फेब्रुवारी १९४९ ला पुणे विद्यापीठ सुरू झालं तेव्हा १८ महाविद्यालयं आणि आठ हजारांवर विद्यार्थी होते. आकडा सगळीकडे छापलेला असतो. त्या आठ हजारांतले किती वसतिगृहात राहिले, कितींना फी माफ झाली, किती मध्येच गेले, ते ज्या कागदांत असतं ते कागद सगळीकडेच क वर्गात.

आता माझ्याच म्हणण्याची अडचण. फी माफीच्या अर्जात जातीचा दाखला असतो, उत्पन्नाचा असतो, वडील दारू पितात असं मुलीने स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं पत्र असतं. त्या मुलीने ते शंभर वर्षं टिकावं म्हणून लिहिलं नव्हतं. समितीतल्या एका मॅडमनी २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचं नाव काढलं आणि ‘सरळ नष्टच करू’ म्हणाल्या. त्या कायद्यात अभिलेख जपण्यासाठी अटींसह सूट आहे, हे मी सांगितलं. पण कायद्याने सूट दिली म्हणून माझा जीव शांत होत नाही. पाकीटबंद करा, सत्तर वर्षं उघडू नका, त्याआधी फक्त तिला किंवा तिच्या मुलाबाळांना दाखवा, असं मी सुचवलं. याहून चांगला उपाय कुणाकडे असेल तर कमेंटमध्ये लिहा, खरंच हवाय. मोठ्या माणसांच्या फायली उघडताना मात्र मला एवढी चिंता वाटत नाही. ‘गोपनीय’ शिक्का मारायला त्यांच्या हाताखाली माणूस होता.

‘स्कॅन करून मूळ टाकून देऊ’ हा ठराव अपेक्षेप्रमाणे आलाच. आमच्या संस्थेने २००४ मध्ये हेच केलं होतं. सीडींचा डबा अजून आहे. त्यातल्या निम्म्या उघडत नाहीत आणि उरलेल्या घालायला कॉम्प्युटरला खाच नाही. उलट जे जन्मालाच कागदाशिवाय आलंय त्याचं नाव कुणी घेत नाही. २०२० साली परीक्षा होणार, नाही होणार, ऑनलाइन होणार, अशी रोज बदलणारी परिपत्रकं मुलांच्या मोबाइलवर येत होती. ती संकेतस्थळावरून उतरवली गेली की संपलं. विभागांचे निर्णय आता व्हॉट्सॲपवर होतात, ‘ओके सर’ आणि अंगठा. त्याची बारनिशी (आवक-जावकाची नोंद) कुठे?

खोलीचं विसरले. अभिलेखागाराला तळघर दिलंय. नदी लांब आहे म्हणाले. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर बघितलेल्या घरात मी वाढले, त्यामुळे मी फक्त एवढंच विचारलं की वरच्या मजल्यावर काय आहे. वरच्या मजल्यावर अतिथिगृह आहे. आणि तळघराच्या छतातून त्याच अतिथिगृहाचे नळ गेलेत.

पुढची बैठक महिन्याने आहे. खुर्ची तोवर जिन्याखाली ठेवलीय, रात्रपाळीचे मामा तिच्यावर बसतात, त्यामुळे ती निदान उपयोगात आहे. तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर वसतिगृहाच्या मेसचं कार्ड, कमवा-शिकाचं पगारपत्रक, गॅदरिंगची सायक्लोस्टाइल पत्रिका, मोर्चाचं पत्रक असेल तर टाकू नका. लगेच घेऊनही येऊ नका, तळघराचं काय ते ठरू दे. कागद सुती कापडात गुंडाळा, पिना आणि रबर काढा, प्लॅस्टिकच्या पिशवीत अजिबात नको. आणि मागे पेन्सिलीने वर्ष लिहून ठेवा. माझ्या वहीवर ते नाहीये, त्या पेन्सिलवाल्या मुलाचं साल मी अजून शोधतेय.