गणित येत नाही म्हणणाऱ्या, पक्क्या हिशेबाच्या बायका

"मॅडम, आधीच सांगते, मला गणित येत नाही." आमच्या वर्गात येणारी जवळजवळ प्रत्येक बाई हे वाक्य पहिल्याच दिवशी बोलून मोकळी होते. काही जणी तर नाव सांगायच्या आधी.

नाशिकला सिडकोत आम्ही काही जणी मिळून संध्याकाळी दहावीचा वर्ग घेतो. येणाऱ्या बायका पंचविशीपासून पन्नाशीपर्यंतच्या. कुणी पाचवीनंतर शाळा सोडलेली, कुणी नववीत. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसतात. दिवसा कुणी पोळी-भाजी केंद्र चालवते, कुणी शिवणकाम करते, कुणी अंबडच्या कंपनीत पॅकिंगला जाते. इतिहास-भूगोलाची धास्ती कुणालाच नसते. इंग्रजीची थोडी असते, पण पाठ करून निभावू असं वाटतं. गणिताचं पुस्तक काढलं की मात्र माणूसच बदलतं. आवाज बारीक होतो, पेन्सिल हातातच राहते आणि नजर शेजारणीच्या वहीकडे वळते.

ही भीती मी इतकी जवळून बघितली आहे की आता मला ठामपणे वाटतं, "मला गणित येत नाही" ही त्या बाईबद्दलची माहिती नाहीच. तो कुणीतरी, कधीतरी, तिच्यावर मारलेला शिक्का आहे. आणि "तुला जमेल गं, विश्वास ठेव" असं शंभरदा म्हणून तो पुसला जात नाही.

आमच्याकडे ब्लाउज शिवणाऱ्या एक ताई येतात. अपूर्णांक काढले की त्या वही मिटायच्या. एकदा मी फळ्यावर काहीच लिहिलं नाही, नुसतं विचारलं, "ताई, छाती चौतीस असेल तर चौथाई किती धरता?" "साडेआठ." "आणि पस्तीस?" "पावणेनऊ." डोळ्याचं पातं लवायच्या आत. "त्यात शिलाईचा दीड इंच?" "सव्वादहा." मग मी फळ्यावर ३५ भागिले ४ लिहिलं, खाली ८ पूर्णांक ३/४ लिहिलं, त्यात १ पूर्णांक १/२ मिळवले आणि १० पूर्णांक १/४ लिहिलं. म्हटलं, तुम्ही आत्ता जे बोललात ते हे. त्या बराच वेळ फळ्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "पण हे तर आमचं रोजचं आहे. हे कुठे गणित?"

"हे कुठे गणित?" हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. स्वतःविषयीचा असा समज टिकतो तो याच युक्तीवर. जे जमतं ते मोजायचंच नाही. जे जमतं ते "रोजचं", "त्यात काय", "सवयीनं होतं". आणि जे अडतं तेवढंच गणित. मग आयुष्यभर रोज बरोबर हिशेब करूनही पुरावा एकाच बाजूला साठत जातो.

ही काही आपल्याकडचीच गोष्ट नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर फळं-नारळ विकणाऱ्या मुलांचा एक अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. अभ्यासकांनी गिऱ्हाईक बनून ९ ते १५ वर्षांच्या पाच मुलांकडे खरेदी केली आणि हिशेब विचारले. नंतर तीच गणितं त्यांना कागदावर दिली. रस्त्यावर ९८ टक्के उत्तरं बरोबर. कागदावर नुसते आकडे मांडून दिले तर ३७ टक्के. बारा वर्षांच्या एका मुलाला ३५चा एक अशा चार नारळांचे किती म्हणून विचारलं. त्यानं तिघांचे १०५ धरले, त्यात ३० मिळवून १३५ केले आणि मग १४० सांगितले. कागदावर ३५ गुणिले ४ आलं तेव्हा त्याच मुलानं २०० लिहिले. चार पंचे वीस, हातचे दोन. ते आधीच तिनात मिळवून पाच केले आणि पाचाला चारांनी गुणलं. नारळ विकताना हाच मुलगा २०० म्हणाला असता तर त्याला स्वतःलाच हसू आलं असतं. कागदावर हसू येत नाही, कारण कागदावरचे आकडे आपले नसतातच. ते मास्तरांचे असतात.

हा अभ्यास वाचला तेव्हा मला आमच्या बायका दिसल्या. बचत गटात शेकडा दोननं दहा हजार उचलले तर पाच महिन्यांचं व्याज किती, हे त्या चहा गाळता गाळता सांगतात. तेच पुस्तकात मुद्दल, दर, मुदत म्हणून आलं की हात थरथरतो.

शिक्का मारला कुणी? मी प्रत्येकीला हे विचारते आणि मुद्दाम खोदून विचारते. "येत नाही हे कधी कळलं?" आधी उत्तर येतं, "लहानपणापासूनच." पण थोडं थांबलं की एक दिवस निघतो. फळ्यापाशी उभं केलं होतं, उत्तर चुकलं, सगळा वर्ग हसला. पाढे म्हणताना एकोणसत्तर-एकोणऐंशीत गोंधळ झाला आणि हातावर पट्टी बसली. भावाला शिकवणी लावली आणि हिला सांगितलं, "तुला काय करायचंय गणित, पोळ्या मोजायला?" एका मावशींना तर कुणी काही म्हणालंच नव्हतं. त्यांच्या आईला गणिताची भीती होती, मावशीला होती, त्यांनी ती घरातल्या इतर रीतींसारखी उचलली.

ही वारशानं येणारी भीती संशोधनातही दिसली आहे. २०१० साली शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या पहिली-दुसरीच्या १७ शिक्षिका आणि त्यांच्या वर्गातली मुलं-मुली यांचा वर्षभराचा अभ्यास मांडला. ज्या बाईंना स्वतःला गणिताची धास्ती जास्त, त्यांच्या वर्गातल्या मुली वर्षअखेरीस "गणित मुलांचं, वाचन मुलींचं" असं मानायला लागण्याची शक्यता जास्त होती आणि तसं मानणाऱ्या मुली गणितात मागेही पडल्या. वर्षाच्या सुरुवातीला हा संबंध नव्हता. मुलांवर तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे बाईंनी तोंडानं काही वाईट बोलायचीही गरज पडली नसावी. मला हे वाचून राग आला होता, बाईंवर नाही, त्यांनाही कुणीतरी तसंच शिकवलेलं असणार. राग आला तो हे इतक्या सहज होतं याचा.

आणि एकदा भीती बसली की ती स्वतःच स्वतःला खरी ठरवते. आकडेमोड करताना मधली उत्तरं डोक्यात धरून ठेवावी लागतात. त्या जागेत "चुकणार, हसतील, मला नाहीच येत" हे बसलं की हातच्याला जागा उरत नाही. हातचा विसरतो, उत्तर चुकतं, आणि बाई म्हणते, "बघा, सांगितलं नव्हतं?"

आता माझं खरं भांडण. आमच्याकडे मधूनमधून कुणी ना कुणी पाहुणे येतात आणि बायकांना प्रेरणा देऊन जातात. टाळ्या वाजतात, डोळे ओले होतात. येणारी माणसं मनापासून बोलतात, याबद्दल शंका नाही. पण दुसऱ्या दिवशी वर्गसमीकरण समोर आलं की कालचं सगळं वाहून गेलेलं असतं. मी तर म्हणेन, उलट थोडं नुकसानच होतं. "मनात आणलं तर काहीही जमतं" असं ऐकून आलेली बाई पहिल्या गणिताला अडली की तिला वाटतं, आता तर माझं मनही कमी पडलं.

अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ साली "आपल्याला हे जमेल" हा भरवसा माणसात कुठून येतो याची मांडणी केली. दुसऱ्यांनी धीर देणं हा त्यातला एक मार्ग त्यानं मानला, पण कमकुवत. आपल्यासारख्याच माणसाला ते करताना बघणं याचाही उपयोग होतो. स्वतःचं शरीर त्या वेळी काय सांगतंय, छाती धडधडतेय की शांत आहे, यावरूनही माणूस अंदाज बांधतो. सगळ्यात भक्कम मात्र एकच: स्वतःच्या हातानं ते एकदा करून बघितलेलं असणं. माझा वर्गातला अनुभव याला शब्दशः दुजोरा देतो.

अंकगणिती श्रेढीचा, म्हणजे दर वेळी सारख्याच फरकानं बदलत जाणाऱ्या आकड्यांचा धडा घ्या. दहावीच्या बीजगणितात बायका सगळ्यात जास्त बिचकतात त्या या धड्याला, कारण पहिल्याच पानांवर a, d, n, tₙ अशी अक्षरं. पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या एक काकू म्हणाल्या, "हे माझ्याच्यानं व्हायचं नाही, हा धडा मी सोडणार." मी पुस्तक बाजूला ठेवलं. म्हटलं, "काकू, पहिल्या महिन्यात १०० रुपये बाजूला टाकले, मग दर महिन्याला ५० वाढवत गेलात. बाराव्या महिन्यात किती टाकाल?" त्यांनी बोटांवर मोजलं नाही. "अकरा वेळा वाढले ना? साडेपाचशे. आणि पहिले शंभर. साडेसहाशे." "आणि वर्षाचे सगळे मिळून?" आता त्यांनी वहीत आकडे एकाखाली एक लिहायला घेतले. शंभर, दीडशे, दोनशे… साडेसहाशे. मग पेन्सिल वरच्या आकड्यावर ठेवली, खालच्यावर ठेवली. "पहिला नि शेवटचा मिळून साडेसातशे. दुसरा नि शेवटच्याच्या वरचा, दीडशे नि सहाशे, तेही साडेसातशेच की." सहा जोड्या. साडेचार हजार.

मी काही बोलले नाही, कारण बोलायचं काही उरलं नव्हतं. पुस्तकातलं बेरजेचं सूत्र त्यांनी हातानं तयार केलं होतं. नंतर मी सूत्र लिहिलं तेव्हा त्यांनी n/2 वर, म्हणजे एकूण महिन्यांच्या निम्म्यावर, बोट ठेवलं: "ही माझ्या जोड्यांची संख्या." त्यांच्या शेजारी बसणाऱ्या दोघी तिघींनी त्या दिवशी श्रेढी सोडवली. फळ्यावर मी सोडवलेली बघून नाही, काकूंची वही बघून.

म्हणून मी आता वर्गात "तुम्हाला जमेल" म्हणणं बंद केलंय. वहीच्या मागच्या पानावर दोन गोष्टी लिहायला लावते. डोक्यात आलेलं वाक्य जसंच्या तसं, म्हणजे "मला नाही येणार", "माझं डोकंच नाही", जे असेल ते. आणि त्याखाली त्या दिवशी सुटलेलं गणित, कितीही छोटं असो. वाक्य खोडायचं नाही. त्याच्याशी वादही घालायचा नाही. पण त्याच्याखाली सुटलेली गणितं साठत जातात आणि महिन्या-दोन महिन्यांनी मागचं पान उघडलं की ते वाक्य वाचताना बाईला स्वतःलाच संकोच वाटतो.

हे लिहिताना एका गोष्टीची मला धास्ती वाटते, ती बोलून टाकते. "अडथळे फक्त मनातच असतात" असं म्हणणारे लोक माझी पोस्ट त्यांच्या बाजूनं वापरतील. कृपा करून तसं करू नका. पॅकिंगच्या ताईंची शिफ्ट बदलली की वर्ग बुडतो, तो त्यांच्या मनातला अडथळा नाही. सासूचं आजारपण, रात्रीचा स्वयंपाक, परीक्षेच्या दिवशी न मिळणारी रजा, नवऱ्याचं "आता काय करायचंय शिकून", यातलं काहीही समजुतीनं दूर होत नाही. मनातली गाठ सुटली तरी दोन तास मोकळे मिळाल्याशिवाय कुणी पास होत नाही. आमच्याकडे गणित छान यायला लागलेल्या आणि तरीही परीक्षेला बसू न शकलेल्या बायका आहेत. त्यांच्याबद्दल "इच्छाशक्ती कमी पडली" असं कुणी म्हटलं तर मला ते सहन होत नाही.

तेव्हा तुमच्या घरात आई, वहिनी, धुणंभांड्याला येणाऱ्या मावशी, कुणाचीही दहावी राहिली असेल आणि त्या "मला गणित येत नाही" म्हणून थांबल्या असतील, तर त्यांना धीर देऊ नका. संध्याकाळचा स्वयंपाक तुम्ही करा. सतरा नंबरचा फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो, तो शेजारी बसून भरून द्या. शाळा सोडल्याचा दाखला, आधारकार्ड आणि फोटो लागतो. दाखल्याची मूळ प्रत नसेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र घेतात, त्यामुळे गावच्या शाळेत एक चक्कर मारावी लागेल. ती चक्करही तुम्हीच मारा. नाशिकमध्ये असाल आणि वर्गाची वेळ हवी असेल तर मला मेसेज करा.